पेढीचे टपाल घरच्या संगणकावर?

गेल्या दिवाळीत पुतण्याने एक प्रस्ताव मांडला. ‘काका, आपल्या भांड्यांच्या पेढीचे संकेतस्थळ आणि ईमेल आपण घरच्याच संगणकावर चालवू. भाडे वाचेल आणि आपला पत्रव्यवहार परक्याच्या कपाटात राहणार नाही.’ आयुष्यभर लोकांना लॉकर भाड्याने देणाऱ्या मला यातील दुसरा मुद्दा विशेष भावला.

खर्चाचा हिशेब प्रथम मीच मांडला. दहा वॅटचा छोटा संगणक अहोरात्र चालला तर वर्षाला सुमारे 88 युनिट वीज लागते. ती फारशी नाही. मात्र घरगुती इंटरनेटचा क्रमांकरूपी पत्ता वरचेवर बदलतो. पुष्कळदा तर एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरच्याला आपल्या दारापर्यंत पोहोचताच येत नाही. कायमचा पत्ता हवा तर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात. पुतण्याने ते मोजले. संकेतस्थळ सुरू झाले आणि बरे चालले.

अडचण आली ती ईमेलची. आमची समजूत अशी की वीज गेल्यावर येणारी पत्रे बुडतील. तसे होत नाही. पाठवणारी यंत्रणा साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहते. खरी कसोटी जाणाऱ्या पत्रांची असते. टपाल पुढे सोडण्याचे 25 क्रमांकाचे द्वार अनेक कंपन्या घरगुती जोडणीवर बंदच ठेवतात. ते उघडून घेतले तरी समोरची यंत्रणा आपली ओळख तपासते. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पत्र कोठून निघू शकते याची यादी, बँकेतील अधिकारपत्रासारखी. डीकेआयएम म्हणजे नमुना सहीशी जुळवून पाहावी अशी सही. आणि हे जुळले नाही तर काय करावे, याची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम अधिक कडक केले आहेत. सही जुळली तरी नव्या पत्त्याला पत नसते. प्रथमच कर्ज मागायला आलेल्या माणसासारखी त्याची गत होते.

आमचे एक दरपत्रक असेच जुन्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडले. चार दिवस वाट पाहून त्यांनी माल दुसरीकडून उचलला. त्यांनी रागावून फोनही केला नाही. याचेच मला अधिक वाईट वाटले.

या खटाटोपात त्याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. पेढीच्या नावाचे डोमेन आमच्या नावावर नव्हतेच! पूर्वी संकेतस्थळ बांधून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या नावे नोंदवले होते. तीन पिढ्यांचे नाव, आणि सातबारा दुसऱ्याच्या हाती. ते परत मिळवण्यात दोन महिने गेले. नशिबाने मुलगा सज्जन निघाला. ज्यांच्या पेढीचे संकेतस्थळ कोणा ओळखीच्याने बांधून दिले आहे, त्यांनी आजच नोंद कोणाच्या नावे आहे आणि तिची मुदत कधी संपते ते पाहावे. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचीच होते. घर भाड्याचे असले तरी चालते. नाव मात्र आपल्याच मालकीचे हवे. ते हाती असले की सेवा कधीही बदलता येते.

ईमेल आम्ही आता सशुल्क सेवेकडे सोपवले आहे. दरमहा सर्व पत्रांची प्रत घरच्या डिस्कवर उतरते, कारण जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. सेवा बंद पडली ही सबब तेथे चालत नाही. संकेतस्थळही पुढे भाड्याच्या जागेत नेले, कारण लग्नसराईत ते बंद दिसणे परवडत नाही.

छोटा संगणक अजून माळ्यावर चालू आहे. आजोबांच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे पुतण्याने त्यावर ठेवली आहेत. वीज गेली की ती दिसत नाहीत, आणि कोणाचे काही अडतही नाही.