पैठणचा दगड, रोमचा राजा

भारतातून पाहुणे आले की दोहामध्ये आमची पहिली फेरी इस्लामिक कला संग्रहालयाची. तिथे शाहजहानचा पांढऱ्या जेडचा ताईत आहे. त्यावर सुरेख अक्षरं आहेत, बादशहाचा चेहरा नाही. इथल्या बाजारात मिळणाऱ्या अकीकच्या अंगठ्यांवरही बहुधा नाव किंवा दुआच कोरलेली असते. आपल्या शिवरायांची राजमुद्राही अक्षरांचीच की!

त्यामुळे पैठणकडच्या एका मित्राचा फोन आला तेव्हा मी जरा सावध झालो. एका विक्रेत्याने त्याला राजाचा चेहरा कोरलेली ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ अंगठी दाखवली होती. किंमत दोन महिन्यांचा पगार. पैसे बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले. “दादा, घेऊ का? लग्नानंतर दुपटीने विकली जाईल म्हणतोय.”

अशा अंगठ्या खरोखरच होत्या. रोमचा सम्राट ऑगस्टस आधी स्फिंक्सची मुद्रा वापरायचा, मग अलेक्झांडरच्या चेहऱ्याची आणि शेवटी स्वतःच्या. ती डायोस्कुरिडीस नावाच्या कारागिराने कोरली होती. अंगठी म्हणजेच सही. शिक्क्यासाठी चेहरा खोल आणि उलटा कोरायचा, आपल्या रबरी शिक्क्यासारखा. नुसत्या मिरवण्यासाठी असेल तर उठावाचा: दुरंगी दगडाच्या पांढऱ्या थरात चेहरा, मागे गडद थर. शाहजहाननेही असा चेहरा कोरवून घेतला. तो बोटाच्या पेराएवढा दगड आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आणि दगड कुठला? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तिकेत लिहिलंय की पैठणहून गाड्या भरभरून गोमेदवर्गातले पट्टेदार दगड भडोच बंदरात येत. तिथून जहाजं पश्चिमेला जायची. म्हणजे रोमच्या काही बोटांवर आपल्या गोदाकाठचा दगड असणारच! हे ऐकून मित्र फोनवरच हसला.

शुक्रवारी मी भिंग घेऊन त्याच्याबरोबर गेलो. साच्यात ओतलेली काच असेल तर आत बारीक बुडबुडे दिसतात, चेहऱ्याच्या कडा गुळगुळीत, वितळल्यासारख्या असतात. हाताने कोरलेल्या दगडात हत्याराच्या रेषा सापडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कागद: वस्तू कुठे मिळाली, आधी कुणाकडे होती. विक्रेत्याकडे कागद नव्हते आणि भिंग बघून त्याने अंगठी डबीत ठेवून दिली.

आम्ही समोरच्या टपरीवर करक चहा घेतला. मित्राने तिथूनच घरी पैसे पाठवले.