मोटारीचे अंतरंग – लेखांक ९ : एसी गरम हवा का देतो?

मागील लेखांकात इंजिनाचे तापमान आटोक्यात ठेवणाऱ्या रेडिएटरचा विचार झाला. त्याच्याच पुढे, बंपरच्या जाळीमागे असलेला कंडेन्सर हा मोटारीच्या वातानुकूलन यंत्रणेचा सर्वांत उघडा आणि सर्वाधिक मार खाणारा भाग होय. पुणे–नाशिक महामार्गावर मोशीपासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत अवजड वाहनांमागे सरकत असताना ऐन एप्रिलमध्ये एसी गरम हवा देऊ लागला, की ‘गॅस संपला’ असे निदान तत्काळ केले जाते. ते पुष्कळदा चुकीचे असते आणि बरोबर असले तरी अपुरे ठरते; कारण हा वायू इंधनासारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांतून पुन:पुन्हा फिरतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे झिरपणारा अल्पांश वगळता तो कमी झाला असेल, तर कोठे तरी गळती आहे हे निश्चित.

बहुतेक मोटारींत आर-१३४ए हा शीतकारक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव-वायू, वापरला जातो. वातावरणाच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. मात्र दाब वाढवला की त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो, आणि सगळी यंत्रणा याच गुणधर्मावर उभी आहे. डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये दाब सुमारे ३० पीएसआय, म्हणजे प्रति चौरस इंच ३० पौंड, ठेवला की शीतकारक शून्य अंशाच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतील हवेतून ओढून घेतो. पुढे कॉम्प्रेसर त्याचा दाब सुमारे २३० पीएसआयपर्यंत नेतो. या दाबाला तो ६० अंशांवर द्रवरूप होत असल्याने बाहेर चाळीस अंशांचे ऊन असतानाही कंडेन्सरमधून उष्णता बाहेर टाकता येते. त्यानंतर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब एकदम उतरतो आणि चक्र नव्याने सुरू होते.

म्हणून पहिला प्रश्न ‘हवा गरम केव्हा येते’ हा असला पाहिजे. मोटार वेगात असताना गारवा मिळतो आणि चौकात थांबल्यावर तो जातो, अशी तक्रार असेल तर संशय प्रथम कंडेन्सरवरील हवेच्या प्रवाहावर घ्यावा. धावत्या गाडीत समोरचा वारा जे काम करतो, ते थांबलेल्या गाडीत विजेच्या पंख्याने करायचे असते. त्या पंख्याची मोटर, फ्यूज आणि रिले तपासावेत, तसेच औद्योगिक पट्ट्यातील धूळ कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत साचली आहे काय, हेही पाहावे. ती धुताना पाण्याचा दाब बेताचा ठेवावा, नाही तर पत्रे वाकतात. हवेचा झोतच मंद असेल तर केबिन फिल्टर तुंबलेला असू शकतो. एसी सुरू करूनही कॉम्प्रेसरच्या पुलीवरील क्लच ‘टक्’ असा आवाज करून गुंतत नसेल, तर दोष वीजपुरवठ्यात, क्लचमध्ये किंवा दाब अतिशय कमी होताच यंत्रणा बंद करणाऱ्या स्विचच्या मागे शोधावा लागतो. दाब व्यवस्थित असूनही हवा गरम असेल, तर थंड व गरम हवेचे प्रमाण ठरवणारी झडप हीटरच्या बाजूला अडकलेली असणे शक्य असते.

यानंतर यंत्रणेच्या कमी व जास्त दाबाच्या बाजूंना लावायच्या गेजची पाळी येते. दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर वायू अपुरा असतो. दोन्ही बाजू चढलेल्या असतील तर वायू जास्त भरलेला असतो, त्यात हवा मिसळलेली असते किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नसतो. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची बाजू उतरलेली दिसल्यास कॉम्प्रेसर झिजल्याची शंका घ्यावी. मात्र इंजिन बंद असतानाच्या दाबावरून वायूचे प्रमाण ठरवणे अशास्त्रीय आहे; यंत्रणेत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय एवढाच दाब दिसतो, मग वायू पूर्ण असो वा निम्मा. म्हणूनच बॉनेटखालील पट्टीवर छापलेल्या ग्रॅमच्या आकड्याप्रमाणे वायू वजन करूनच भरला पाहिजे.

भरण्यापूर्वी गळती शोधणे अनिवार्य आहे. शीतकारकाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येत असल्याने सांध्यावरील तेलकट डाग हा पहिला पुरावा ठरतो. त्यानंतर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने किंवा अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाने जागा पक्की करतात. सील बदलल्यावर निर्वात पंप सुमारे अर्धा तास चालवून हवा व ओलावा काढावा आणि निर्वातता टिकते याची खात्री करावी. जुना वायू हवेत सोडू नये, तो यंत्राने परत गोळा करावा. कारण पृथ्वी तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे, आणि अशा वायूंचा वापर घटवणाऱ्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

चाकणजवळ कुरुळी येथे माह्ले–आनंद थर्मल सिस्टिम्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बेहर इंडियाच्या, कारखान्यात याच यंत्रणा घडतात आणि महिंद्राच्या विजेवरील काही मोटारीही चाकणमध्येच बनतात. जेथे ही यंत्रणा निर्माण होते, तेथील गॅरेजमध्ये ती अंदाजाने दुरुस्त व्हावी हे खेदजनक आहे. ग्राहकाने बिलावर तीन नोंदी मागाव्यात : दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे दाब, गळतीची जागा आणि भरलेल्या वायूचे वजन. या मागणीनेच दर उन्हाळ्याचा वायफळ खर्च थांबेल आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या कारागिराला त्याचे योग्य मोल मिळेल.

पुढील लेखांकात विजेवरील मोटारींच्या उच्च विद्युतदाबावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा आणि त्याला लागणाऱ्या वेगळ्या तेलाचा विचार केला जाईल.