किल्ली आहे, पण दार उघडत नाही

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी आमच्याकडे इतिहासावर लेख मागितला होता. विषय बदलण्याची मुभा आम्हीच मागून घेतली. इतिहासाच्या तासांबरोबर विद्यालयाच्या संगणक कक्षाची जबाबदारी आमच्याकडे आली, त्याला आता बरीच वर्षे झाली. पुण्या-मुंबईस शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे जे फोन येतात, त्यांतील अनेक एकाच वाक्याने सुरू होतात : "सर, किल्ली बरोबर आहे, तरी सर्व्हर आत घेत नाही." प्रत्येकाला फोनवर जे सांगतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, असे वाटले.

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटते, तिचा अर्थ 'परवानगी नाकारली'. हे शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांनी ज्या नकाराला आव्हान दिले, त्याच्यामागे जन्माखेरीज दुसरे कारण नव्हते. यंत्राचा नकार वेगळ्या जातीचा आहे. त्याला कारण असते, ते बहुधा कोठेतरी लिहिलेले असते आणि शोधणाऱ्यास सापडते. तरीही आमची मुले ती ओळ पाहून गप्प बसतात, आणि "हे आपल्याला जमण्यातले नाही" असा निष्कर्ष स्वतःच काढतात. या लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

प्रथम किल्ली म्हणजे काय ते पाहू. आपले मलकापूर हे विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर त्यांचे वास्तव्य गडावरून येथे आले, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. त्या काळच्या कागदांवर माथ्याला शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. शिक्क्याचा ठसा शेकडो गावांतील लोकांनी पाहिलेला असे, पण तो उमटविणारी मुद्रा मात्र एकाच्याच ताब्यात राही. संगणकातील किल्ल्यांची जोडी साधारण अशीच असते. सार्वजनिक किल्ली हा ठसा होय. तो सर्व्हरकडे आधीच नोंदवून ठेवतात. खासगी किल्ली ही मुद्रा. ती आपल्याच संगणकात राहते, सर्व्हरकडे कधीही जात नाही. फरक एवढाच की शिक्क्याचा ठसा पाहून नकली मुद्रा कोरता येई. येथे मात्र प्रत्येक प्रवेशाच्या वेळी नव्या मजकुरावर नवी गणिती सही होते, आणि सार्वजनिक किल्ली हाती असूनही ती सही कोणास बनविता येत नाही.

ही कल्पना डिफी आणि हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यातील जेम्स एलिस व क्लिफर्ड कॉक्स यांनी ती काही वर्षे आधीच शोधली होती. पण ते ज्ञान खात्याच्या कपाटात कोंडून ठेवले गेले आणि १९९७ पर्यंत जगाला कळले नाही. कोंडलेल्या ज्ञानाचा उपयोग कोणाला किती झाला, याचा विचार इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. पुढे १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेले, आणि तेथील तातू युलोनेन यांनी एसएसएच ही प्रवेशाची पद्धत तयार केली. आज जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकने घडविलेले परम मालिकेतील आजचे महासंगणकही लिनक्सवरच चालतात. त्यांच्यावर काम करायचे तर दूरवरून, याच दारातून जावे लागते. आमच्या कक्षातील जुने संगणक आणि ते महासंगणक यांच्या दारांची घडण एकच आहे.

आता नकाराची चिकित्सा. पहिली गोष्ट म्हणजे, दाराबाहेर उभ्या असलेल्यास यंत्र कारण मुद्दाम सांगत नाही. नाव चुकले की किल्ली चुकली हे परक्याला सांगितले, तर चोराचे अर्धे काम होते. पण आतल्या बाजूस द्वारपालाची नोंदवही असते. डेबियन व उबुंटू घराण्यातील यंत्रांवर ती बहुधा 'ऑथ-लॉग' या नावाने, तर रेडहॅट घराण्यात 'सिक्युअर' या नावाने सापडते. ती न वाचता केलेली दुरुस्ती म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध. बाहेरच्या बाजूस आपल्या हाती एवढेच असते की, एसएसएचच्या आज्ञेला 'व्ही' हा पर्याय जोडावा. मग यंत्र आपण कोणती किल्ली पुढे केली, कोणती केलीच नाही, हे बोलून दाखविते. पुष्कळदा तेवढ्यावरच उलगडा होतो : किल्ली भलत्याच फोल्डरात आहे, किंवा सर्व्हरवरील नावाऐवजी घरच्या संगणकावरील नाव गेले आहे. काहींच्या संगणकात सात-आठ किल्ल्या साठलेल्या असतात. सर्व्हर साधारण सहा प्रयत्नांनंतर दार लावून घेतो आणि खरी किल्ली पुढे येण्यापूर्वीच संधी संपते. अशा वेळी नेमकी कोणती किल्ली वापरायची ते आज्ञेत सांगावे.

सार्वजनिक किल्ली नोंदविताना होणारी एक चूक तर आमच्या रोजच्या ओळखीची आहे. ती एकाच सलग ओळीत असावी लागते. मुले ती व्हॉट्सॲपवरून पाठवितात, मध्येच ओळ तुटते, आणि तुटलेली किल्ली ही किल्ली राहत नाही. विंडोजवरील पुटी या साधनाने जतन केलेली सार्वजनिक किल्ली तर निराळ्याच घाटाची, अनेक ओळींची असते. ती जशीच्या तशी चालत नाही.

एका वर्षीची गोष्ट. १४ एप्रिलच्या जयंतीची छायाचित्रे सर्वांना एकमेकांच्या फोल्डरांत टाकता यावीत म्हणून एका उत्साही विद्यार्थ्याने आपल्या गटातील सर्वांची घरफोल्डरे सर्वांना लिहिण्यासाठी खुली करून दिली. हेतू निर्मळ होता. दुसऱ्या दिवशी त्या गटातील एकालाही किल्लीने आत जाता येईना. कारण असे की, ज्या फोल्डरात कोणीही लिहू शकतो, तेथे ठेवलेल्या किल्ल्यांच्या यादीवर द्वारपाल विश्वास ठेवीत नाही. दुसऱ्याने आपली किल्ली तीत घुसडली नाही कशावरून? घरफोल्डर इतरांना लिहिता येऊ नये, आतील एसएसएचचे फोल्डर ७०० आणि यादीची फाइल ६०० या परवान्याची असावी, आणि मालकी त्या विद्यार्थ्याचीच असावी, एवढे केल्यावर दार उघडले. ७७७ हा आकडा सर्व दुखण्यांवर उपाय म्हणून सांगणारे अनेक भेटतात. या दुखण्यात तोच रोग आहे.

केंद्रीय व्यवस्थापन असलेल्या यंत्रांवर आणखी एक पेच असतो. तेथे वापरकर्त्यांची नावे, त्यांचे गट, कधी कधी किल्ल्यासुद्धा मध्यवर्ती नोंदवहीतून येतात, आणि प्रत्येक यंत्राची मांडणी एका मूळ प्रतीवरून लिहिली जाते. आपण हाताने एखाद्या यंत्रावर दुरुस्ती करावी, दुपारी सारे सुरळीत चालावे, आणि रात्री मूळ प्रत पुन्हा उतरताच दुरुस्ती पुसली जावी, हा अनुभव आम्ही दोनदा घेतला. सर्व्हर किल्ल्या घरफोल्डरातून वाचतो की मध्यवर्ती नोंदीतून मागवितो, हे आधी विचारावे. द्वारपालाची प्रत्यक्ष लागू असलेली मांडणी छापून दाखविणारी आज्ञा असते, ती चालवावी. जेथे घरफोल्डरे जाळ्यावरून येतात व त्यांना कर्बेरॉसचे कुलूप असते, तेथे तर गंमतच होते : किल्ल्यांची यादी घरात, आणि घर उघडते ते प्रवेश झाल्यावर मिळणाऱ्या परवान्याने. तेथे यादी घराबाहेर, मध्यवर्ती नोंदीत ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. रेडहॅट घराण्यात फायलींवर सुरक्षेची चिठ्ठीही असते. जुन्या साठ्यातून हलविलेल्या फायलीवर ती चुकीची राहते आणि परवाने बिनचूक दिसूनही नकार येतो.

आंबा घाटाकडून पाऊस उतरला की आपल्याकडे वीज किती वेळा जाते, हे सांगायला नको. जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपलेली असली, तर वीज परत आल्यावर त्याचे घड्याळ भलत्याच वर्षात जाते. साध्या किल्लीला घड्याळाशी कर्तव्य नसते, परंतु मध्यवर्ती नोंदवहीशी बोलताना असते. कर्बेरॉस तर साधारणपणे पाच मिनिटांपलीकडचा फरक मानीत नाही. जून-जुलैत तक्रार आली की आम्ही आधी तारीख पाहतो.

जुन्या किल्ल्यांचीही एक अडचण आहे. २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ पासून आरएसए किल्लीची जुन्या, कमकुवत पद्धतीची सही मुळात स्वीकारली जात नाही. किल्ली तीच, पण जुने साधन नव्या पद्धतीची सही करू शकत नाही. साधन अद्ययावत करावे किंवा ईडी२५५१९ प्रकारची नवी जोडी करावी. सर्व्हरची सुरक्षा सैल करून जुन्यास आत घेणे हा मार्ग आम्हाला मान्य नाही.

आता जी गोष्ट आमच्या मनातून जात नाही ती सांगतो. एका सत्रात नववीच्या मुलींचा नवा गट केला, किल्ल्या केल्या, नोंदविल्या. एकीलाही प्रवेश मिळेना. मुलांचे जुने गट सुरळीत चालू होते. आम्ही मुलींना किल्ल्या पुन्हा करायला लावल्या, एकदा नव्हे, तीनदा. चौथ्या दिवशी त्यांतील एक म्हणाली, "सर, आमच्याच हाताला यश नाही." तिच्या घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. त्या सायंकाळी आम्ही नोंदवही उघडली. तेथे स्पष्ट लिहिले होते की, या वापरकर्त्याचा एकही गट प्रवेशाच्या यादीत नाही. ती यादी आम्हीच पूर्वी केली होती आणि नव्या गटाचे नाव तीत घालायचे राहिले होते. किल्ल्या पहिल्या दिवसापासून बिनचूक होत्या. यंत्र जात वा लिंग पाहत नाही हे खरे, पण यादी माणूसच लिहितो. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर आम्ही त्या मुलींची माफी मागितली आणि नोंदवही त्यांनाच वाचायला दिली. ऐकीव म्हणून, परंपरेने आले म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, असा उपदेश तथागतांनी केसपुत्ताच्या कालामांना केला होता. वर्गात आम्ही तो अनेकदा शिकविला होता. त्या चार दिवसांत मात्र, दोष मुलींचा, हे आमचे गृहीत आम्हीच तपासून पाहिले नव्हते.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी एक सूचना : सर्व्हरची मांडणी बदलताना उघडी असलेली एक खिडकी बंद करू नये. नवा प्रवेश दुसऱ्या खिडकीतून तपासावा, आणि तो जमल्यावरच पहिली मिटावी. हे न केल्याने आम्ही एकदा स्वतःच बाहेर राहिलो होतो. आणि एकच खासगी किल्ली साऱ्या वर्गाने वाटून घेणे कटाक्षाने टाळावे. मग काम कोणी केले, कोणी बिघडविले, हे नोंदवही सांगू शकत नाही, आणि एकाला काढायचे तर सर्वांनाच काढावे लागते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या सार्वजनिक किल्ल्या अजूनही आमच्या सर्व्हरवर आहेत. ज्यांचा जुना संगणक विकला गेला, हरवला वा दुसऱ्याच्या हाती गेला, त्यांनी विद्यालयास कळवावे. त्यांची ओळ आम्ही यादीतून काढू. खासगी किल्ली हरविल्यास ती कोणालाच परत मिळवून देता येत नाही. नवी जोडी करून सार्वजनिक किल्ली तेवढी पाठवावी, आणि शक्यतो ती फाइल म्हणून जोडावी, व्हॉट्सॲपच्या मजकुरात चिकटवू नये.