बाळंतपणाची रजा : आपल्या लेकीसुनांनी आधी काय करावे?

सकाळी आठच्या सुमारास माळशिरसच्या एस. टी. स्टँडवर उभे राहिले की आपल्या समाजातील किती मुली-सुना नोकरीला जातात हे दिसते. कुणी अकलूजला दवाखान्यात नर्स, कुणी नातेपुत्याच्या शाळेत शिक्षिका, कुणी पतसंस्थेत रोखपाल, कुणी दुकानात हिशेबाला. हातात डबा, खांद्याला पर्स. त्यांच्या आईने ऊस बांधला, खुरपण केले आणि लेकीला शिकविले. हे चित्र पाहून ऊर भरून येतो. पण यातील एखादी मुलगी काही महिन्यांनी स्टँडवर दिसेनाशी होते. चौकशी केली की उत्तर मिळते, "बाळंतपणाला गेली होती, मग नोकरी सोडली." सोडली की सुटली, की सोडायला लावली, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्याचे कशाला सांगावे? आमच्याच घरातली गोष्ट आहे. २००७ साली आमच्या घरी पहिले अपत्य झाले. पत्नी एका खासगी संस्थेत काम करीत होती. सातव्या महिन्यात तिला सांगण्यात आले, "आता घरी आराम करा, बाळ मोठे झाले की बघू." ती घरी बसली. बाळ मोठे झाले, पण तिला कुणी परत बोलावले नाही. आम्ही बी. कॉम. झालेले. कचेरीत दहा जणांच्या रजेचे हिशेब आमच्या हातून जात होते. परंतु स्वतःच्या पत्नीचा रजेचा एक अर्ज लिहून द्यावा, हे आम्हाला सुचले नाही. घरची पुरुष मंडळी म्हणून आम्ही ते 'बायकांचे काम' समजलो. ती चूक आजही सलते. म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

बाबासाहेब आणि बाळंतिणीचा हक्क

पगारी बाळंतरजा ही मालकाची मेहरबानी नाही. तिच्यामागे बाबासाहेबांचा शब्द आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे सगळ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा दिला पाहिजे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. त्यातूनच १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला. पुढे व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीतील बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयकही त्यांनीच मांडले.

या भाषणाच्या दोनच वर्षे आधी, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेब आणि रमाईंचा लाडका राजरत्न गेला होता. त्यापूर्वीही त्यांनी लेकरे गमावली होती. गरिबाघरचे बाळंतपण काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

भगवान बुद्धांनी सिगाल गृहपतीला उपदेश करताना मालकाची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत शक्ती पाहून काम द्यावे, वेतन व अन्न द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, असे आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही गोष्ट आजच्या मालकाला आठवण करून देण्यासारखी आहे.

कायदा आज काय देतो?

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून मोठी सुधारणा झाली. बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याचे नाव बदलले, हक्क तेच राहिले. ते थोडक्यात असे :

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस पूर्ण पगारी रजा. यातील जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर तिसऱ्या खेपेला १२ आठवडे, पैकी आधी ६. गर्भपात झाल्यास ६ आठवडे. बाळंतपणातून आजारपण उद्भवले तर आणखी एक महिना. बाळंतपणानंतरचे ६ आठवडे तर मालकाने तिला कामावर ठेवायचेच नाही. रजेवर असताना तिला कामावरून कमी करणे बेकायदेशीर आहे.

अट एकच. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तिने त्या ठिकाणी निदान ८० दिवस काम केलेले असावे. कारखान्यांना हा कायदा लागू आहेच. दुकान किंवा कचेरी असेल तर तेथे दहा किंवा जास्त माणसे कामाला हवीत. ज्यांच्या पगारातून ई. एस. आय. कापला जातो, त्यांना हा पैसा मालकाऐवजी महामंडळाकडून मिळतो.

"मी कंत्राटी आहे, रोजंदारीवर आहे, मला कोण देणार?" असे भगिनी विचारतात. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी त्यांनाही हा लाभ आहे असा निर्णय दिला. २०२३ साली त्याच न्यायालयाने कंत्राटाची मुदत संपली तरी सुरू झालेला प्रसूती लाभ तुटत नाही, असे सांगितले. सरकारी नोकरीतील भगिनींना महाराष्ट्र शासनाच्या नियमाप्रमाणे १८० दिवस मिळतात आणि ती रजा त्यांच्या शिल्लक रजेतून वजा होत नाही.

कारकुनी हिशेब

रजा केव्हा सुरू करावी, हे मनाने ठरवू नये. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, डॉक्टरांनी १५ जून ही तारीख दिली आहे. पूर्ण ८ आठवडे आधी म्हणजे २० एप्रिलपासून रजा घेतली, तर १८ ऑक्टोबरला ती संपते. १९ तारखेला हजर व्हायचे. तेव्हा बाळ चार महिन्यांचे असते. तेच जर तब्येत चांगली असून ३ आठवडे आधी, २५ मेपासून रजा घेतली, तर २३ नोव्हेंबरला हजर व्हावे लागते. तेव्हा बाळ सव्वापाच महिन्यांचे झालेले असते. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात. म्हणजे दुसऱ्या हिशेबात थोडी शिल्लक अर्जित रजा जोडली की सहा महिने पुरे होतात. मात्र रक्त कमी असेल, रक्तदाब वाढला असेल, पायावर सूज असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेव्हाच घरी बसावे. रजेपेक्षा जीव मोठा.

यासाठी चौथ्या-पाचव्या महिन्यातच लेखी अर्ज द्यावा. अर्जात अपेक्षित तारीख, रजा कोणत्या तारखेपासून हवी, आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यावेत त्याचे नाव, हे लिहावे. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात, एक द्यावी आणि दुसरीवर पोच घ्यावी. शिक्का देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर पाठवावा. तोंडी बोलणे हवेत विरते, पोच कपाटात राहते. आधीच्या मुदतीचा पगार आगाऊ मिळतो आणि उरलेला बाळ जन्मल्याचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यावा, असे कायदा सांगतो. कोऱ्या राजीनाम्यावर सही मागितली तर देऊ नये. "सासऱ्यांना विचारून सांगते" म्हणून उठून यावे आणि आपल्या कार्यकर्त्यांना भेटावे. सोलापूरला सहायक कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्यांना रजाच नाही

आपल्या तालुक्यात माळीनगर, सदाशिवनगर, अकलूज, श्रीपूर असे साखर कारखाने आहेत. हंगामात कोपीवर राहून ऊस तोडणाऱ्या बाईला कसली रजा? एक दिवस बसली तर खाडा लागतो, उचल फिटत नाही. आठव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणारी भगिनी आम्ही पाहिली आहे. बाबासाहेबांनी मागितलेला हक्क तिच्यापर्यंत शंभर वर्षांतही नीट पोचला नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

तरीही जे आहे ते पदरात पाडून घेतले पाहिजे. दिवस राहिल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत आशाताईकडे नाव नोंदवावे आणि माता-बाल कार्ड घ्यावे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ३००० आणि २००० अशा दोन हप्त्यांत ५००० रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये मिळतात. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील अनुसूचित जातीच्या व दारिद्र्यरेषेखालील मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. नवबौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीत धरले आहे, तेव्हा दाखला घरात तयार ठेवावा. ऐन वेळी तहसीलला चकरा मारू नयेत. बांधकाम मजूर म्हणून मंडळात नोंदणी असेल तर साध्या बाळंतपणाला १५,००० आणि शस्त्रक्रियेला २०,००० रुपये आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, जेवण आणि १०२ क्रमांकाची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी असते. ती चुकवू नये.

माहेर, वाट आणि विश्रांती

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. महामायाही माहेरी देवदहाला निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या वनात सिद्धार्थाचा जन्म झाला आणि सातव्या दिवशी ती माता गेली. बाळाला महाप्रजापती गौतमीने वाढविले. राजाच्या राणीची ही कथा, मग आपण किती जपले पाहिजे! माहेरी जायचे तर आठवा महिना संपण्याआधी जावे आणि तेथील दवाखान्यात कार्ड दाखवून नाव घालावे. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वरांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर मार्गे जाते, तेव्हा रस्ता अडतो. जून-जुलैची तारीख असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

डोहाळजेवण, बारसे यांवर कर्ज काढू नये. नामकरणाला बुद्धवंदना, चार माणसे आणि खीर पुरे. तोच पैसा बाळंतिणीच्या दुधा-अंड्यावर खर्च करावा. सव्वा महिना विश्रांती, अळीव-डिंकाचे लाडू हे चांगलेच, पण बाळंतिणीला पाणी कमी देणे, पहिला चीक पिळून टाकणे हे सोडून द्यावे. चीक हे बाळाचे पहिले औषध आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने घ्याव्यात. बाळंतीण उगाच रडते, झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, असे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर त्याला 'नखरे' म्हणू नये, बाहेरची बाधाही म्हणू नये. डॉक्टरांना दाखवावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्ला फुकट मिळतो.

परत कामावर

कामावर जाण्याच्या पंधरा दिवस आधीपासून घराला सवय लावावी. बाळ कुणापाशी राहणार, हे बोलून ठरवावे. सासूबाईंना गृहीत धरू नये. त्यांचेही गुडघे दुखतात. दूध काढून स्वच्छ, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवता येते. खोलीत चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. फ्रिज असेल तर त्याच दिवशी वापरावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. सहा महिने झाले की मऊ वरणभात, नाचणीचे सत्त्व सुरू करावे.

पहिला आठवडा जड जातो. शक्य तर गुरुवारी हजर व्हावे, म्हणजे तीन दिवसांत रविवार येतो. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दूध पाजण्यासाठी रोज दोन वेळा वेळ मिळण्याचा हक्क आहे. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तेथे पाळणाघर हवे आणि दिवसातून चार वेळा बाळाला भेटू दिले पाहिजे. घरून करता येण्यासारखे काम असेल तर मालकाशी बोलून काही दिवस तसेही करता येते. हे सारे अर्जाने मागावे.

आणि घरच्या पुरुषांनी काय करावे? आपली अर्जित रजा लग्नसराईत न उधळता या दिवसांसाठी राखून ठेवावी. रात्री बाळाचे दुपटे बदलावे, सकाळी डबा भरावा, बायकोच्या अर्जाचा मसुदा शेजारी बसून तपासावा. त्यात कमीपणा नाही.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एक सून पाचव्या महिन्यात आमच्याकडे आली. "काका, साहेब म्हणतात राजीनामा द्या." आम्ही अर्ज लिहून दिला. तिचा नवरा पोच घेऊन आला. आज ती सकाळी आठच्या गाडीला उभी असते. बाळ आजीपाशी असते आणि दुपारचा वरणभात खाते. तो अर्ज लिहिताना आमची पत्नी शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही. फक्त लिहून झाल्यावर तिने तो एकदा वाचून पाहिला.

आपल्या घरातही असा अर्ज लिहिण्याची वेळ आली असेल, तर आजच लिहा. जयभीम!