माग नवा, रीत जुनी

कापडाच्या धंद्यात आज जिकडे तिकडे एकच चर्चा आहे. साधा माग काढून रॅपिअर घ्यावा की एअरजेट? कर्ज किती, व्याज किती, सबसिडी किती? हे हिशेब जरूर करावेत. पण नवा माग आल्यावर कारखान्यातील माणसे कशी वागतील, हे आम्ही व्यापारी आणि मागवाले क्वचितच विचारतो. नुकसान मात्र तेथेच होते.

याचा एक जुना दाखला अहमदाबादचा आहे. तेथील कॅलिको मिलने स्वयंचलित माग बसविले. यंत्रे उत्तम, तरी उत्पादन वाढेना आणि कापडातील खराबी कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी त्या खात्याचा अभ्यास केला. कामाचे बारीक तुकडे पडले होते. विणणारा एक, बॉबिन भरणारा दुसरा, तुटलेले धागे सांधणारा तिसरा, तेल घालणारा चौथा. मागाची पुरती जबाबदारी कोणाचीच नव्हती. ठरावीक माग एका लहान टोळीकडे सोपवावेत, असे राइस यांनी सुचविले. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि आपापले सोबती स्वतःच निवडले. सुरुवातीच्या अडचणी निस्तरल्यावर उत्पादन वाढले, खराबी घटली. माग तेच होते, बदलली ती कामाची मांडणी.

दुसरी गोष्ट जागतिक बाजाराची. १९९४ साली जर्मनीने काही घातक अझो रंगांवर बंदी घातली. १९९७ साली आपल्या सरकारलाही असे रंग बंद करावे लागले. पुढे १ जानेवारी २००५ पासून कापड-निर्यातीचा कोटा संपला आणि परदेशी गिऱ्हाईक हव्या त्या देशातून माल घेण्यास मोकळे झाले. त्याबरोबर त्याची मोजमापेही आपल्या दारात आली. ‘फोर पॉइंट’ पद्धतीत तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, नऊ इंचांवरच्या दोषाला चार गुण धरतात. गुणांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तागा नापास. आपल्या बाजारातील ‘उन्नीस-बीस चालते’ हा शब्द तेथे चालत नाही.

तिसरी गोष्ट रीतिरिवाजाची. हॉलंडचे अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या एकाच कंपनीच्या अनेक देशांतील नोकरांची उत्तरे तपासून १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कंपनी एक, पण देशागणिक वागणे वेगळे. वरिष्ठ आणि हाताखालचा यांतील अंतर भारतात पुष्कळ आढळले. आपल्याला हे सांगण्यास ग्रंथाची गरज नाही. सूत कच्चे आहे किंवा बीमची कांजी बिघडली आहे, हे सर्वांत आधी कारीगराला कळते. पण सेठसमोर बोलायचे कसे? वर मजुरी कापली जाण्याची धास्ती. मग दोष दडतो, तागा घडीत जातो, गाठ बांधली जाते आणि खराबी गिऱ्हाइकाच्या टेबलावर उघडी पडते. माल परत येतो तेव्हा मागवाल्याचे भांडवल अडकते आणि कारीगराचे काम थांबते.

रिवाज म्हणजे केवळ अडथळा, असे मात्र समजू नये. उस्तादाच्या हाताखाली शागिर्द तयार होतो, ही आपली पुंजी आहे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. बाहेरच्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून डिलिव्हरीची तारीख धरली तर तक्रार राहत नाही.

तेव्हा नवा माग घेणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एक, ठरावीक माग चार-पाच जणांच्या टोळीवर सोपवावेत. दोन, मजुरी केवळ मीटरवर असेल तर कारीगर केवळ मीटरच विणणार, म्हणून बिनदोष तागा निघाल्यास टोळीला वेगळा हिस्सा द्यावा. तीन, जो कारीगर दोष स्वतः होऊन सांगेल त्याची मजुरी कापू नये. आजचे माग ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबतात. तो पुन्हा पुन्हा का तुटतो, हे विचारायला मात्र कारीगराकडेच जावे लागते. त्याला बोलण्याची हिंमत देणे हे मालकाचे काम आहे, आणि त्याला कर्ज लागत नाही.