रायफल ‘रिकामीच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणं, खत, पाचट आणि हुमणी यांवर बोलतो. ऊस विकासवाल्याने रायफलीवर लिहावं हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या हंगामात उसाच्या नोंदीसाठी सूसला गेलो असता एका सभासदाच्या घरी जे पाहिलं, ते लिहिल्याशिवाय चैन पडेना. आणि विषय तसा उसाला अगदीच परका नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत हत्यार आलं ते रानडुकरापायीच. (रानडुकराचं शास्त्रीय नाव ‘सुस स्क्रोफा’ असं आहे. सूसकरांनी राग मानू नये. लॅटिनमध्ये सुस म्हणजे डुक्कर, गावाच्या नावाशी त्याचा संबंध नाही.)

तर नोंद झाली, चहा झाला. घरातले आबा मोठे हौशी. डुकरांचा विषय निघाला तशी त्यांनी खुंटीवरची रायफल चामडी गवसणीतून काढली आणि माझ्या हातात दिली. थ्री-फिफ्टीन बोअरची, बोल्टची. नळीचं तोंड त्या वेळी माजघराकडे होतं आणि माजघरात सूनबाई भाकऱ्या थापत होत्या. मी नळी जमिनीकडे केली आणि बोल्टला हात घातला.

“अहो साहेब, रिकामीच आहे. मॅगझिन मी स्वतः काढून कपाटात ठेवलंय. दिवाळीपासून कुणी हात लावला नाही.”

“असू द्या आबा, बघायला काय जातं?” म्हणत मी बोल्ट मागं ओढला. पितळेचं अख्खं काडतूस टणकन् फरशीवर पडलं आणि घरंगळत कणगीखाली गेलं.

कुणीच काही बोललं नाही. मग आबांचा नातू म्हणाला, “आबा, मी काल हिनंच ठो ठो खेळत होतो.” आबा मटकन् खाली बसले.

आबा खोटं बोलत नव्हते. मॅगझिन त्यांनी खरोखरच काढलं होतं. चूक झाली ती क्रमात, आणि ती कुणाच्याही हातून होईल अशी आहे. ती समजायला बोल्ट काय करतो ते नीट कळलं पाहिजे.

बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी दांडी. तिची मूठ वर उचलून मागे ओढली की पुढचा आकडा चेंबरमधलं काडतूस किंवा रिकामं टरफल पकडून बाहेर काढतो आणि ते बाजूला उडतं. तीच दांडी पुढे ढकलली की मॅगझिनमधलं वरचं काडतूस तिच्या तोंडाशी येतं आणि चेंबरमध्ये जाऊन बसतं. मूठ खाली दाबली की कडी लागली, आता फक्त चाप ओढायचा राहिला. म्हणजे बोल्ट पुढे ढकलणं हे भरण्याचंच काम आहे. मॅगझिनमध्ये काडतूस असताना बोल्ट तुम्ही ‘बंद करून ठेवायला’ म्हणून पुढे ढकला नाही तर डुकरावर मारायला, यंत्राला दोन्ही सारखंच.

आबांनी दिवाळीत काय केलं असेल? बोल्ट उघडला, चेंबर रिकामं दिसलं, समाधानाने बोल्ट बंद केला आणि त्यानंतर मॅगझिन काढलं. बंद करताना एक काडतूस आत गेलं ते तिथेच राहिलं. हातात मॅगझिन आलेलं, त्यामुळे खात्री अशी की शंकेला जागाच नाही. अशी रायफल भरलेल्या रायफलीपेक्षा वाईट, कारण भरलेलीला माणूस निदान भितो.

म्हणून रिकामी करण्याचा क्रम एकच. नळी कुणी नसेल अशा बाजूला, बोट चापापासून दूर, आधी मॅगझिन बाहेर आणि मगच बोल्ट. बोल्ट मागे ओढून ठेवायचा, उजेडाला धरून चेंबरमध्ये बघायचं आणि करंगळी आत घालून चाचपायचं. डोळा फसतो, अंधाऱ्या माजघरात तर फार. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात देताना बोल्ट उघडाच असावा. घेणाऱ्यानेही पुन्हा बघावं, त्यात देणाऱ्याचा अपमान नाही. आमच्या एन.सी.सी.च्या हवालदारांची ‘जांच शस्त्र’ची आरोळी त्या वेळी नकोशी वाटायची. पॉईंट टू-टूची मरतुकडी रायफल, तिची काय एवढी तपासणी, असं आम्ही पोरं म्हणायचो. त्या दिवशी आबांच्या घरी हात आपोआप बोल्टकडे गेला तो त्या आरोळीमुळेच.

ज्यांना हे सगळं भित्रेपणाचं वाटतं त्यांनी सूसच्या शेजारी म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात एकदा डोकावून यावं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभं राहिलं, तिथे नेमबाजीची रेंज आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे तिथे घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक घेतलं. अंतिम फेरीत ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे वैयक्तिक पदक, आणि दोघेही जुन्या कोल्हापूरच्या मातीकडचे म्हणायला हरकत नाही. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या होत्या. हा खेळ पॉईंट टू-टू रायफलीचा. बहुतेक नेमबाज ती बोल्टचीच वापरतात. निशाणाचा मधला दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण आपल्या उसाच्या डोळ्याएवढा, तो ५० मीटरवरून वेधायचा.

तर या खेळाचा आंतरराष्ट्रीय नियम काय? गोळीबार चालू नसेल तेव्हा प्रत्येक रायफलीच्या चेंबरमध्ये भडक नारिंगी रंगाची प्लॅस्टिकची दोरी किंवा पट्टी घातलेली असली पाहिजे. ती आत असताना काडतूस बसूच शकत नाही आणि पन्नास पावलांवरून कुणालाही दिसतं की हत्यार रिकामं आहे. ऑलिंपिकवाल्याच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, आणि आपण घरात ‘रिकामीच आहे’ म्हणून मोकळे होतो.

आता आपल्याकडच्या हत्यारांविषयी. जुनी थ्री-नॉट-थ्री लष्करी मापाची म्हणून सामान्य नागरिकाला मिळत नाही. तिच्याच धाटणीच्या बोल्टवर नागरिकांसाठी केलेली ती थ्री-फिफ्टीन. पिकाच्या रक्षणासाठी परवाना मिळतो तो बहुधा साध्या नळीच्या बंदुकीचा, छऱ्याची किंवा ठासणीची. छरे थोड्या अंतरावर दम सोडतात, पण रायफलीची गोळी तशी नव्हे. पॉईंट टू-टूची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, थ्री-नॉट-थ्रीची तीन किलोमीटरच्या पुढे. सूस गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेलं. माळावर उभं राहून तीन किलोमीटरचा घेर डोळ्यासमोर आणा. त्यात किती इमारती, किती शाळा आणि किती रस्ते येतात ते तुमचं तुम्हीच मोजा.

आणि ऊस! बारा फूट ऊस उभा असला की भिंत असल्यासारखं वाटतं. पण ती भिंत फक्त नजरेला आहे, गोळीला नाही. पाच हात आत काय आहे ते दिसत नाही आणि गोळी मात्र आरपार जाते. तोडणीच्या वेळी तर अधिकच. टोळी चारी बाजूंनी तोडत येते तशी जनावरं मधल्या उरलेल्या पट्ट्यात गोळा होतात. अशा वेळी पट्ट्याच्या टोकाला कुणी हौशी बंदूक घेऊन उभा राहिला तर त्याच्या समोरच्या बाजूला उसाआड कोयता चालू असतो. मजुरांची पोरं पाचटात खेळत असतात, कुणी झोळीत निजलेलं असतं. रात्री राखणीला जावं तर बांधापलीकडे कोप्या आहेत, माणसं काळोखात उठतात, उसात जातात. सळसळ झाली म्हणून डुक्करच आहे असं धरून चालणारा माणूस मला भेटला की मी त्याला एवढंच विचारतो, समोर काय आहे ते दिसलं का आणि त्याच्या मागे काय आहे ते ठाऊक आहे का? दोन्हीला ‘हो’ म्हणता येईल अशी जागा उभ्या उसात नाही. माझं स्पष्ट मत आहे की फडात रायफल नेऊच नये.

कायदाही तेच सांगतो. रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारणं गुन्हा आहे. नुकसान झालं तर लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा, भरपाईची तरतूद आहे. अर्ज भरायला आमचे गट ऑफिसचे लोक मदत करतील. सौर कुंपण करावं. मात्र तारेत घरची वीज सोडण्याचा उद्योग कुणी करू नये, त्यात डुकराआधी माणूस जातो.

आता निगा. मुळशीच्या पावसाळ्यात कोयतासुद्धा चार दिवसांत तांबडा होतो, तर नळीचं काय! आबांची पहिली चूक चामडी गवसणी. चामडं ओल धरतं, त्यात कमावण्याचे क्षार असतात, रायफल आत गंजत राहते आणि वरून गवसणी मोठी रुबाबदार दिसते. प्रवासापुरती गवसणी ठीक, एरवी कोरड्या कुलूपबंद कपाटात. काडतुसं वेगळ्या कुलपात, मोजून. दोन्ही किल्ल्या एका खिळ्याला टांगू नयेत. बोल्ट काढून तिसरीकडे ठेवला तर उत्तमच. पण एकाचा बोल्ट दुसऱ्या रायफलीला कधी बसवू नये, बसला तरी. बोल्ट आणि चेंबर यांमधलं अंतर त्या त्या जोडीचं असतं, ते चुकलं तर टरफल मागे फुटतं. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर जुळतो का बघा, आणि रायफलीचा नंबर परवान्याशीही.

साफ करताना आधी वर सांगितल्याप्रमाणे रिकामी करून बोल्ट काढावा आणि सळई किंवा पुलथ्रू मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घालावा. पुढून खुपसलेली सळई नळीचं तोंड घासते आणि नेम तिथेच बिघडतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्षार असत, ते नळीत राहून हवेतली ओल ओढतात. म्हणून जुने लोक नळीतून उकळतं पाणी ओतत, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल. पद्धत आजही बरोबर आहे. तेल पातळ, खास हत्याराचं आणि नावाला. आबा खोबरेल लावत. ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट्याने बोल्ट जड होतो. काडतुसांना तेलाचा हात लावू नये. आणि झाडण्याआधी नळी कोरडी पुसून बोल्ट काढून आरपार उजेड बघावा. हे मी उगाच सांगत नाही. आपल्या घरांत कुंभारमाशी असते. मोटारीच्या पाइपात मातीचं घर करते ती रायफलीच्या नळीतही करते. नळीत माती असताना गोळी सुटली तर नळी फाटते आणि ती चेहऱ्याजवळ असते.

चाप ओढूनही काडतूस उडालं नाही तर घाईने बोल्ट उघडू नये. नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबावं, कधी कधी दारू उशिरा पेटते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर तिथेच थांबून नळी तपासावी, गोळी आत अडकलेली असू शकते. सेफ्टीचा खटका असतो म्हणून कुणी सांगेल. तो जरूर लावावा, पण तो झिजणारा लोखंडी तुकडा आहे, त्याच्या भरवशावर नळी माणसाकडे करू नये.

परवान्याबद्दल थोडं, कारण गोंधळ इथेच फार दिसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ वर्षांची ५ झाली आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात, पूर्वी ३ होती. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, हे नवरदेवाच्या मामांना कुणीतरी सांगायला हवं. वडील वारले की त्यांचा परवाना मुलाकडे आपोआप येत नाही. हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने आपला अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांप्रमाणे धारकाचं वय ७० झालं असेल किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय आहे. नव्या अर्जदाराला सुरक्षिततेचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं.

आबांचं वय ७४. त्यांनी मुलाच्या नावाने अर्ज करायचं ठरवलं आहे. मुलगा मात्र म्हणतो, “साहेब, मला नकोच ती, जमा करून टाकू.” त्यांच्या घरात अजून वाद चालू आहे. तोवर रायफल कुलपात आहे आणि चेंबरमध्ये नातवाच्या पतंगाच्या शेपटीची नारिंगी प्लॅस्टिकची पट्टी आहे. ती कल्पना सूनबाईंची.

ज्या सभासदांच्या परवान्याची मुदत संपत आली आहे किंवा ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या नावाचं हत्यार पडून आहे, त्यांनी दर सोमवारी सकाळी गट ऑफिसला यावं, कागदपत्रं कोणती लागतात ते समजावून देऊ. येताना परवान्याची झेरॉक्स आणावी. रायफल आणू नये.