दूरवैद्यक आणि नेहमीचे आजार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डॉक्टर आणि रुग्ण एका ठिकाणी नसताना दूरध्वनी, व्हिडिओ कॉल किंवा लेखी संदेश यांच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या वैद्यकीय सेवेला दूरवैद्यक किंवा टेलिमेडिसिन म्हणतात. कोरोनाच्या टाळेबंदीत ही सेवा भारतभर घरोघरी पोहोचली, तरी कोलकात्यात तिची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती. खरगपूरच्या आयआयटीत तयार झालेल्या प्रणालीच्या आधारे कोलकात्याची स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ही संस्था बाहेरगावच्या रुग्णालयांशी जोडण्याचे काम या शतकाच्या उंबरठ्यावरच हाती घेण्यात आले होते. 2021 मध्ये पश्चिम बंगाल शासनाने ‘स्वास्थ्य इंगित’ हा उपक्रम सुरू केला. त्यात गावातील आरोग्यकेंद्रावरचा प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाजवळ बसतो आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतो. सेवा इतकी पसरली, तरी तिच्याविषयीचे समज मात्र दोन टोकांचे राहिले आहेत. काहींना ती बेकायदेशीर किंवा निकृष्ट वाटते, तर काहींना ती सर्व आजारांवर पुरेशी वाटते. सर्दी, ताप, जुलाब, त्वचेचे विकार, रक्तदाब, मधुमेह अशा नेहमीच्या आजारांच्या संदर्भात यांपैकी सहा समजांची तपासणी येथे केली आहे.

गैरसमज 1: रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता औषध सांगणे कायद्याला मान्य नाही.

वस्तुस्थिती: ही शंका एके काळी निराधार नव्हती. दूरध्वनीवरून उपचार सांगितल्याच्या रत्नागिरीतील एका प्रकरणात 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यानंतर अनेक डॉक्टरांनी फोनवर सल्ला देण्याचा धसका घेतला होता आणि त्या वेळी या विषयावर स्पष्ट नियमही नव्हते. ही संदिग्धता 25 मार्च 2020 रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी दूर केली आणि डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणासंबंधीच्या 2002 च्या विनियमांना ती जोडण्यात आली. नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टर आज या तत्त्वांच्या चौकटीत राहून दूरस्थ सल्ला देऊ शकतो. रुग्णाने आपली ओळख सांगणे, डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर देणे आणि सल्ल्याची नोंद जपून ठेवणे या गोष्टी त्यासाठी आवश्यक आहेत. सल्ला रुग्णाने स्वतः मागितला असेल तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्यकर्मचारी किंवा डॉक्टर यांनी पुढाकार घेतला असेल तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते. सल्ला दुरून दिला म्हणून डॉक्टरचे उत्तरदायित्व तसूभरही कमी होत नाही.

गैरसमज 2: डॉक्टर रुग्णाच्याच राज्यात नोंदलेला असला पाहिजे.

वस्तुस्थिती: राज्याच्या किंवा राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर भारताच्या कोणत्याही भागातील रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो, असे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल मोठे आहे. दुखणे नेमके कसे आहे, ते ठणकते, चरचरते की नुसते जड वाटते, हे वयस्कर माणसाला आपल्या मातृभाषेत जितके अचूक सांगता येते तितके शिकलेल्या भाषेत सांगता येत नाही, आणि दूरस्थ सल्ल्यात तर निदानाचा बहुतेक भार रुग्णाच्या शब्दांवरच असतो. म्हणून पुण्याच्या किंवा नागपूरच्या डॉक्टरांशी मराठीत बोलणे हा कोलकात्यातील वृद्धासाठी पूर्णपणे वैध आणि अनेकदा हिताचा मार्ग ठरतो. मात्र रक्त तपासणे, जखम पाहणे किंवा रात्री अपरात्री धावून येणे दूरच्या डॉक्टरला शक्य नसल्यामुळे जवळपासच्या एखाद्या दवाखान्याशीही संबंध राखणे आवश्यक असते.

गैरसमज 3: पैसे भरले की हवे ते औषध ऑनलाइन लिहून मिळते.

वस्तुस्थिती: दूरस्थ सल्ल्यात कोणते औषध केव्हा देता येईल, हे औषधांच्या याद्यांनी ठरवून दिले आहे. पॅरासिटामॉल किंवा जुलाबांवरील क्षार-साखरेचे मिश्रण यांसारखी सुरक्षित औषधे संपर्काच्या कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. गजकर्णावरचे मलम यांसारखी काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहायची असतील, तर डॉक्टरने व्हिडिओवर रुग्णाला पाहिलेले असावे लागते. रक्तदाब किंवा मधुमेह यांसारख्या दीर्घकालीन विकारात आधीपासून चालू असलेली औषधे पुढे चालू ठेवता येतात. त्यात नव्या औषधाची भर घालायची असेल, तर त्याच आजारासाठी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासणी झालेली असणे अपेक्षित आहे. मादक व मनोप्रभावी द्रव्यांच्या कायद्याखाली किंवा औषध नियमांतील परिशिष्ट एक्समध्ये येणारी औषधे मात्र दूरस्थ सल्ल्यात सर्वसाधारणपणे लिहिता येत नाहीत. प्रतिजैविकांची, म्हणजे जिवाणूंवर चालणाऱ्या औषधांची, मागणी रुग्ण हक्काने करतात. परंतु साधी सर्दी विषाणूंमुळे होत असल्याने त्यांचा तेथे उपयोग नसतो, आणि ती नाकारणारा डॉक्टर आपले कर्तव्यच बजावत असतो.

गैरसमज 4: घरच्या घरी करायला सांगितलेला उपचार हा दुय्यम उपचार असतो.

वस्तुस्थिती: या समजाला सर्वांत ठोस उत्तर बंगालच्या भूमीवरच मिळालेले आहे. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा अपुरा पडला, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. ते पाजण्याचे काम बहुतांशी रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले, आणि आधी 30 टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत 4 टक्क्यांच्या खाली आले. ओआरएस या नावाने हेच तत्त्व पुढे जगभर स्वीकारले गेले आणि महालनबीस यांना 2023 मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. जुलाब झालेल्या मुलाच्या आईला डॉक्टर दुरून जेव्हा मिश्रण किती पाण्यात घालावे, किती वेळाने पाजावे आणि मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले तर ताबडतोब रुग्णालयात न्यावे असे समजावून सांगतात, तेव्हा तो पुराव्यावर उभा असलेला पूर्ण उपचार असतो. अशा सल्ल्याच्या वेळी अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती असणे नियमानेही बंधनकारक आहे.

गैरसमज 5: तापाचे निदान पडद्यावर होते आणि ताप उतरला की धोका टळतो.

वस्तुस्थिती: कोलकात्यात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत येणारा ताप डेंग्यूचा, मलेरियाचा, विषमज्वराचा किंवा साध्या विषाणूचा असू शकतो, आणि आरंभीच्या दिवसांत या सर्वांची लक्षणे इतकी सारखी असतात की रक्ताच्या चाचणीवाचून त्यांतला फरक ओळखणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते. दूरस्थ सल्ल्याचे मोल अशा वेळी योग्य चाचणी योग्य दिवशी करवून घेण्यात आहे: डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयुक्त असते, तर शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम चाचणी त्यानंतर अधिक विश्वासार्ह ठरते. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तापावर पॅरासिटामॉलच दिले जाते. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की डेंग्यूची धोक्याची अवस्था बहुधा ताप उतरू लागतो त्याच सुमारास सुरू होते. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण अस्वस्थता किंवा गुंगी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पुढच्या ऑनलाइन भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे. छातीत दुखणे, श्वास कोंडणे, चेहरा वाकडा होणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे यांनाही हाच नियम लागू आहे. तातडीच्या प्रसंगी दूरचा डॉक्टर प्रथमोपचार सांगतो आणि रुग्णालयात पाठवतो. त्यापुढील उपचार प्रत्यक्षच व्हावे लागतात.

गैरसमज 6: आप्ताने पाठवलेले औषध किंवा यंत्राने दिलेले उत्तर म्हणजेच ऑनलाइन उपचार.

वस्तुस्थिती: सद्भावनेने दुरून पाठवलेल्या औषधाची मर्यादा कोलकात्याशी जोडलेल्या एका मराठी चरित्रात दिसते. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यापूर्वी पती गोपाळरावांसह कोलकाता परिसरात राहत असताना त्यांना सततची डोकेदुखी, अशक्तपणा आणि अधूनमधून येणारा ताप यांनी ग्रासले होते. त्यांच्या अमेरिकी स्नेही थिओडिसिया कार्पेंटर यांनी आत्मीयतेने औषधे पाठवली, परंतु गुण आला नाही. 1886 मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचा पुढच्याच वर्षी क्षयाने अंत झाला. जिव्हाळा निदानाची जागा घेऊ शकत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी चिठ्ठी, शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आणि संगणकीय प्रणालीने सुचवलेले औषध यांनाही हेच लागू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला साहाय्य करावे, परंतु रुग्णाला सल्ला किंवा औषध देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की दूरवैद्यक हा पूर्ण जबाबदारीचा वैद्यकीय व्यवहार आहे आणि स्वतःच्या सीमा ओळखणे हा त्या जबाबदारीचाच भाग आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबाने डॉक्टरचे नाव व नोंदणी क्रमांक वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहावा, चालू औषधांची यादी, ॲलर्जीची माहिती आणि जुने अहवाल सल्ल्याच्या वेळी हाताशी ठेवावेत, मिळालेली चिठ्ठी जपून ठेवावी, आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष येण्यास सांगितले तर ती टाळाटाळ न मानता उपचाराचाच भाग समजून त्याच दिवशी जावे.